फ्रिजसमोरचं लिंबू

१

लिंबू आधी दिसलं, चोरी मागाहून कळली.

शुक्रवारी सकाळी मेट्रन गिरजाबाई साळवे औषधखोलीत शिरल्या, तेव्हा फ्रिजच्या पायाशी एक पिवळंधमक लिंबू बसलं होतं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर फरशीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं आणि त्यावर कडुनिंबाची दोन पानं. लिंबाखाली मात्र फरशी कोरी. गिरजाबाईंना ते खटकलं. ज्या बाईनं कुंकू लावलं, पानं ठेवली, ती लिंबू बाजूला कशाला ठेवेल? पण त्या विचाराला बसायला जागा मिळण्याआधीच त्यांनी फ्रिज उघडला, आणि लिंबू डोक्यातून गेलं.

वरचा कप्पा रिकामा होता. देवीच्या लसीचा डबा तिथं नव्हता.

साल चौऱ्याहत्तर, चैत्राचं ऊन. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे एका मंडळानं कामगारांसाठी चालवलेलं हे छोटंसं रुग्णालय. आठवड्यापूर्वी चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यातला हमाल गावाहून, बिहारमधून परतला तो अंगभर फोड घेऊनच. आता तो मागच्या एकट्या खोलीत पडून होता. जिल्ह्यानं सोमवारी लस पाठवली आणि बजावलं, की रुग्णालयातल्या एकूण एक माणसाला पुन्हा टोचा. ज्यानं टोचून घेतलं नाही त्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

डॉक्टर आगाशे भला माणूस. त्यांनी सांगितलं, ज्याला सवड होईल त्यानं माझ्या खोलीत येऊन टोचून घ्यावं. सवड कुणालाच झाली नाही. कुणाच्या देवी लहानपणीच काढलेल्या होत्या, कुणाला ताप येईल अशी भीती होती, कुणाच्या घरी लग्न होतं. रोग्यांना रोज सुया खुपसणारी ही माणसं स्वतःचा दंड पुढे करायची वेळ आली की लाजाळूच्या झाडासारखी मिटायची.

मग गिरजाबाईंनी तोड काढली. "साहेब, माणूस डॉक्टरांचं ऐकत नाही, शेजाऱ्याचं बघतो. उघड्या व्हरांड्यात सगळ्यांना ओळीनं उभं करू. पहिले तुम्ही, मग मी. बाही खांद्यापर्यंत वर. 'मी घेतलीय' म्हणणाऱ्यानं सगळ्यांदेखत वण दाखवायचा. वर गरम जिलबी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी." बुधवारी फळ्यावर तशी सूचना लागली, शुक्रवारी दुपारी चारची. जिलबीचं नाव वाचून हसलेही लोक.

आणि आज, त्या दिवशी, लसच नाही.

गिरजाबाईंच्या हाकेसरशी दारात माणसं जमली. पुढे डॉक्टर, त्यांच्यामागे हेडक्लार्क साहेबराव, वॉर्डबॉय आणि युनियनचा सेक्रेटरी धोंडीबा, आणि ज्याची ही खोली तो कंपाउंडर जयसिंग जाधव. साहेबरावांनी लिंबू पाहिलं आणि उंबऱ्यातच पाय आखडता घेतला. "मी नाही बुवा त्याच्यावरनं पाय टाकणार." धोंडीबा लाल बावट्याचा माणूस, देवधर्म न मानणारा, पण तोही भिंतीला अंग घासत लांबून आत आला. जयसिंग सरळ आला, वाकला, लिंबू उचललं आणि फळीवर ठेवलं. "कुणाच्या तरी पायाखाली चिरडेल," तो म्हणाला.

"हा प्रकार कोणाचा आहे?" डॉक्टरांचा आवाज चढला.

सगळ्यांच्या मागून एक हिरव्या बांगड्यांचा हात वर झाला.

"माजा हाय," सरूबाई म्हणाली.

२

सरूबाई पुनावळ्याची. बदली आया म्हणून तिची वर्षं गेली होती. कुणी रजेवर गेलं की हिनं यायचं, रजा संपली की घरी बसायचं. येत्या महिन्यात ती कायम होणार होती. तिनं गावात पेढ्याचं कबूलही करून ठेवलं होतं.

आणि आठवडाभर सगळ्यांत मोठ्यानं "न्हाई टोचून घ्यायची" म्हणणारी तीच. संध्याकाळी औषधखोली झाडणारीही तीच. त्यात हे लिंबू. डॉक्टरांनी तिथंच, सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं.

"आणखी काय पुरावा हवा?" डॉक्टर गिरजाबाईंना आपल्या खोलीत म्हणाले. "अंधश्रद्धेपायी बाईनं लस नेली. चार वाजता सगळ्यांसमोर तिला कामावरून कमी करतो, आणि पोलिसांत कळवतो."

"चारपर्यंत मला द्या," गिरजाबाई म्हणाल्या.

"तुम्ही काय करणार?"

"चौकशी. मला कुणी पोलीस समजत नाही, म्हणून लोक बोलतात."

कपड्यांच्या कोठीत, चादरींच्या गठ्ठ्यावर सरूबाई बसली होती. रडत नव्हती. रागावली होती.

"बाई, म्या चोर दिसती का वो?"

"दिसत नाहीस. पण लिंबू तुझं आहे."

"हाय. मग? लिंबू ठिवलं म्हंजे चोरी केली व्हय? चोर कुटं आपलं लिंबू ठिवून जातो?" तिनं पदर सारखा केला. "काल सांच्याला समदी गेली. म्या झाडून काढलं. मग फ्रिज उघडला."

"उघडलास?"

"हा! डबा व्हता आत. वरल्याच कप्प्यात. त्याला हात जोडलं. म्हनलं, आई, तुजंच नाव हाय त्या औशीदाला. उद्याच्याला म्या दंड फुडं करनार हाय, माज्यावर कोपू नगंस. मग दार लावलं, कुकू लावलं, पाला ठिवला, वर लिंबू ठिवलं आन् घरी गेली."

गिरजाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तू टोचून घेणार होतीस?"

"त्या मागल्या खोलीतलं ल्योक पानी मागतंय, आन् म्या दाराशी हुबी ऱ्हाते. ऱ्हाववंना. पन तुमच्यासमूर आठ दिस नगं नगं म्हनलं, मग एकदम व्हय कसं म्हनायचं? लोकं हसतील की."

"वर लिंबू ठेवलंस म्हणजे कशाच्या वर?"

"कशाच्या म्हंजे? कुकवाच्या! लिंबू कोऱ्या फरशीवर ठिवत्यात व्हय? तुमाला बाई काईच म्हाईत न्हाई."

सकाळी डोक्यातून गेलेलं लिंबू परत आलं. फ्रिजचं दार बाहेर उघडतं. कुंकवाचा डाग दाराच्या वाटेत होता. सरूबाई गेल्यावर कुणीतरी आलं, दार उघडता यावं म्हणून लिंबू उचललं आणि जाताना ते परत ठेवलं. नीट, अदबीनं, पण चुकीच्या जागी.

चोरानं लिंबाला हात लावला होता. आणि सरूबाई तो चोर नव्हती.

३

पण हे डॉक्टरांना सांगून काय उपयोग? ते म्हणाले असते, मेट्रनबाई, एक वीत लिंबासाठी मी अख्खी लस सोडू?

धोंडीबा मागच्या अंगणात बाजेवर बसून बिडी ओढत होता. उन्हाची काहिली, तरी अंगात लांब बाह्यांचा स्वेटर.

"थंडी वाजतीय, भाऊ?"

"जरा कणकण हाय." त्यानं बिडी विझवली. "मला विचारायचं कारण न्हाई, मेट्रनबाई. युनियनचा इरोध उघड हाय. आमी फळ्यावर लिवलं. सक्ती करायची तर भरपगारी रजा द्या. चोऱ्या करून चळवळ हुत नसती."

"रात्री कुठं होतात?"

"घरी."

"घरी नव्हतात. तुमची मंडळी सकाळी बाह्यरुग्ण विभागात आली होती मुलाला घेऊन. म्हणाली, हे काल देहूरोडला मेव्हण्याकडं जेवायला होते, परवा पण तिथंच."

धोंडीबानं इकडेतिकडे पाहिलं. "बायकांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

"डाव्या हाताची बाही वर करा."

"का म्हणून?"

"कणकण आहे ना? नाडी बघते."

नाडी मनगटाला असते हे धोंडीबालाही ठाऊक होतं, पण तो कंटाळला असावा. त्यानं बाही वर केली. दंडावर टपोरा, पिकलेला फोड होता. भोवती लालबुंद कडं.

गिरजाबाईंनी ओठ चावला. पण हसू आलंच.

"मेव्हणा हाय तिथं लष्कराच्या डेपोत," धोंडीबा पुटपुटला. "डेपोवाल्यांना मागल्या आठवड्यात टोचली. मला म्हनला, धोंडीबा, घरात लहान पोरं हायत, गप बस आन् हात फुडं कर. केला. कालच्याला खाज लई, म्हणून मलम आणाया गेलो. आता तुमी हे व्हरांड्यात सांगाल, तर माझी सेक्रेटरीगिरी गेली."

"आणि आज सगळ्यांदेखत वण दाखवायची वेळ आली असती तेव्हा?"

"तेच तर! दोन दिस झोप न्हाई." मग त्याच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो. "पन म्हनून म्या लस चोरली न्हाई. आईच्यान. त्या लिंबाच्या आसपास तर म्या फिरकलोच न्हाई, तुमी बघितलंत की."

बघितलं होतं. भिंतीला घासून गेला होता. आणि ज्याला टोचून घेतलेलं आहे त्याला लसीचं भय नाही.

परत जाताना गिरजाबाईंच्या मनात एकच वाक्य घोळत होतं: सगळ्यांदेखत दाखवायची वेळ. धोंडीबाची झोप लसीनं उडवली नव्हती. व्हरांड्यानं उडवली होती.

तशी आणखी कुणाची उडाली असेल?

४

साहेबराव चिंचवडगावातले. तीन पिढ्यांची शेती, आता अर्ध्या शेतात खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. औषधखोलीची किल्ली त्यांच्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेली असे.

"खिळ्यालाच होती," ते म्हणाले. "रात्रीची नड लागली तर जयसिंग येऊन घेतो, नाहीतर नाइटची सिस्टर घेते. मी घरी गेलो की मला काय कळणार? पण मेट्रनबाई, सरूबाई सोडून दुसरं कोण? लिंबू बघून माझ्या अंगावर काटा आला. आमची आई तर म्हणते, असल्या लिंबाला नुसती सावली लागली तरी..."

"तुम्ही टोचून घेणार होतात?"

"घेणार म्हणजे काय! जयसिंगच्या घरात बाळंतपण आलंय ना. माझ्याच खोलीत राहतात दोघं. आईचा फार जीव त्या पोरीवर. रोज काहीतरी झाकून नेते, कधी आंब्याचं लोणचं, कधी शेवया. सातवा लागलाय. आई म्हणाली, साहेबा, तू टोचून ये, रोग घरी आणशील." त्यांनी पानाचा डबा उघडला. "पोरगं गुणाचं हो. जाधव म्हणजे आमच्या मामांच्याच भावकीतले निघायचे कुठूनतरी. आपल्यातलाच, म्हणून खोली दिली. आजकाल खोली द्यायची म्हणजे दहा वेळा विचारून..."

ते थांबले. समोर गिरजाबाई साळवे बसल्या आहेत हे त्यांना उशिरा आठवलं.

"तुमचं काय बाई, तुम्हाला क्वार्टर आहे," ते घाईनं म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

"हो. मला क्वार्टर आहे," गिरजाबाई म्हणाल्या.

क्वार्टर मिळण्याआधीचे दिवस त्या विसरलेल्या नव्हत्या. गाव कोणतं, आडनाव काय, देव कोणता. तिसऱ्या प्रश्नावर खोली भरून जायची, म्हणजे आधीच कुणाला तरी दिलेली निघायची.

औषधखोलीत जयसिंग खोकल्याची पावडर पुड्यांत भरत होता. चौकोनी कागद, वर चिमूटभर पावडर, एक घडी, दुसरी घडी, दोन्ही टोकं आत. बोटं बोलण्यासाठी थांबत नव्हती. लांब बाह्यांचा पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण कफाची बटणं लावलेली.

"काल रात्री औषधखोली उघडली होतीस?"

"अपघाताची केस आली होती. टिंक्चर न्यायला उघडली."

"फ्रिज?"

"फ्रिजचं काम नव्हतं."

"लस घेतलीस का रे तू?"

"तळेगावला घेतली. बहिणीकडं गेलो होतो तेव्हा."

"दाखव वण."

पुडी बांधणारी बोटं पहिल्यांदाच थांबली. "आज... म्हणजे, व्हरांड्यात दाखवणारच होतो की."

"आता दाखवायला काय हरकत?"

"मेट्रनबाई," तो म्हणाला, "मी सरूबाईंच्या वाईटावर कशाला असेन?"

हे तर त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

५

गिरजाबाई आपल्या खोलीत गेल्या, चपला काढल्या आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसल्या. त्यांना विचार करायचा असला की पाय वर लागत.

लस सोमवारी आली. सोमवारी कुणी चोरली नाही, मंगळवारीही नाही. डॉक्टरांच्या खोलीत, दाराआड टोचायची होती तोवर ती सुखानं फ्रिजमध्ये होती. बुधवारी सूचना लागली, गुरुवारी लस गेली. मधे बदललं काय? लस तीच, सुई तीच. बदललं ते एवढंच, की टोचायचं दाराआड नव्हे, उघड्यावर.

म्हणजे चोर लसीला भीत नव्हता. बाही वर करायला भीत होता.

दुसरं. लस नासवायचीच असती तर फ्रिजचं बटण बंद केलं की झालं असतं. चोरानं तसं केलं नाही. लसीच्या पावडरीत मिसळायचं पाणीसुद्धा जपून नेलं. ज्याला लसीची इतकी काळजी, तो ती उन्हात टाकणार नाही. थंडाव्यातच ठेवणार. आणि या रुग्णालयात थंडावा दोनच ठिकाणी होता.

गिरजाबाईंनी चपला घातल्या.

ऑपरेशन थिएटरच्या छोट्या फ्रिजमध्ये, कुत्रं चावल्याच्या इंजेक्शनांमागे, एक साधं खोकं होतं. आत लसीच्या काचेच्या नळ्या, एकूण एक. नेताना एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून प्रत्येक नळी पांढऱ्या कागदात गुंडाळलेली. एक घडी, दुसरी घडी, दोन्ही टोकं आत.

त्यांनी एक नळी तळहातावर घेतली.

हात कुणाचा ते कळलं होतं. उरलं होतं 'का', आणि ते सांगत होतं लिंबू. साहेबराव त्या लिंबावरून पाय टाकायला तयार नव्हते. धोंडीबा भिंतीला घासून गेला. अंधारात, एकट्यानं, चोरी करताना ते उचलायचं म्हणजे त्या दोघांची छाती फुटली असती. जयसिंगनं सकाळी ते उचललं ते बाजारातलं लिंबू उचलावं तसं. त्याचा हात कचरला नाही, कारण असल्या गोष्टींना भ्यायचं नाही हे त्याला लहानपणीच शिकवलं गेलं होतं. ज्या घरात तसं शिकवतात ते घर गिरजाबाईंना चांगलं माहीत होतं. त्या अशाच घरातल्या होत्या.

आता लिंबू उचलणारा प्रत्येक जण आपलाच, असं नव्हे. डॉक्टर आगाशांनीही उचललं असतं. पण डॉक्टर चैत्रात कफाची बटणं लावून बसत नाहीत.

चोर सापडल्याचा आनंद म्हणतात तो हाच असेल, तर तो गिरजाबाईंना नको होता.

घड्याळात तीन वाजून गेले होते.

६

औषधखोलीचं दार त्यांनी लावून घेतलं आणि कागदात गुंडाळलेली नळी टेबलावर ठेवली.

जयसिंग तिच्याकडे पाहत राहिला. "पुडीवरून ओळखलंत."

"पुडीवरून हात ओळखला. माणूस लिंबावरून. कर बाही वर."

त्यानं कफ सोडला. मनगटापासून वर, हाताच्या आतल्या बाजूला, हिरव्यानिळ्या ठसठशीत अक्षरांत गोंदलेलं होतं: जय भीम.

"देहूरोडला गोंदवलं," तो म्हणाला. "विहारापाशी गर्दी होती, गोंदणारा बसला होता. मी शाळेत होतो. बाप म्हणाला, गोंदव. पुसता येत नाही तेच गोंदवावं माणसानं." त्यानं बाही परत खाली ओढली, सवयीनं. "खोली बघायला गेलो तेव्हा नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. खोटं एक अक्षर नाही बोललो, मेट्रनबाई. बाकीचं त्यांनी आपल्याआपण भरून घेतलं. मी फक्त बाही खाली ठेवली."

"मग पट्टी बांधायचीस. भाजलं म्हणायचंस."

"तुमच्यासमोर? तुम्ही कुणाची पट्टी सोडून बघितल्याशिवाय राहता का?"

हे खरं होतं.

"वाटलं, लस दिसली नाही तर शिबिर लांबेल. डॉक्टर पुन्हा एकेकाला खोलीत बोलावतील. मग मीच शोधून दिली असती. सरूबाईंवर येईल हे डोक्यातच नव्हतं. लिंबूसुद्धा जागेवर ठेवलं हो मी."

"जागेवर नव्हतं ठेवलंस."

"बायकोला सातवा आहे. साहेबरावांची आई, कौशल्याबाई, तिच्या केसांना तेल लावतात. ती त्यांना आई म्हणते." त्यानं दाराकडे पाहिलं. "आता तिला घेऊन कुठं जाऊ?"

"आणि सरूबाईनं कुठं जायचं?"

त्यानं कफाचं बटण परत लावलं. बाहेर कुणीतरी जिलबीची टोपली आणून ठेवत होतं. हलवायाला कुणी नको म्हणून सांगितलं नव्हतं.

"मी एक करू शकते," गिरजाबाई म्हणाल्या. "साहेबांना सांगते, डबा मीच थिएटरात हलवला आणि विसरले. वय झालं म्हणतील. तुझं नाव येणार नाही."

त्यानं वर पाहिलं.

"पण साहेबांनी सरूबाईला सगळ्यांसमोर चोर म्हटलंय. मी असं सांगितलं तर लोक म्हणतील, मेट्रनबाईनं तिला पदराखाली घेतलं. संशय तिच्या अंगाला तसाच राहील, आणि अंगाला संशय लागलेल्या बाईला मंडळ कायम करत नाही. तिला धुऊन काढेल असं बोलणं एकाच माणसाच्या तोंडात आहे." त्या उठल्या. "व्हरांडा ही माझी कल्पना होती. माणसाला उघड्यावर उभं करताना त्याच्या बाहीखाली काय असेल याचा विचार मी करायला हवा होता. तुला हवं असेल तर आता मी पडदा लावते. पण पडदा तुझ्यासाठी. सरूबाईसाठी पडदा कामाचा नाही."

"तुम्ही सांगणार नाही माझं नाव?"

"नाही."

"का?"

"खोली मागताना एकदा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन मी जिना उतरलेय, बाबा. तू ते द्यायचं की नाही, हे मी ठरवायचं नाही."

नळी टेबलावर तशीच ठेवून त्या बाहेर पडल्या.

७

चार वाजता व्हरांड्यात सगळे जमले. मागच्या खोलीतला हमाल खोकत होता, ते इथवर ऐकू येत होतं. सरूबाई खांबाला टेकून उभी होती, गाठोडं बांधून, घरी जायच्या तयारीनं. तोंड फिरवलेलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "झाला प्रकार सर्वांना माहीत आहे. सरूबाई, तुम्हाला..."

"साहेब."

जयसिंग औषधखोलीतून आला. हातात थिएटरातलं खोकं होतं. ते त्यानं टेबलावर, उकळलेल्या सुयांच्या तबकाशेजारी ठेवलं.

"लस मी हलवली होती. थिएटरच्या फ्रिजमध्ये. सरूबाईंचा काही संबंध नाही."

कुजबुज उठली. डॉक्टर थक्क झाले. "तुम्ही? कंपाउंडर असून? कारण काय?"

जयसिंगनं कफाचं बटण काढलं, आणि एकेक घडी घालत बाही खांद्यापर्यंत नेली. पुड्या बांधतो तशा नीट घड्या.

हातावरची अक्षरं सगळ्यांनी वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही कळली. ती ओळखायला शाळा लागत नाही.

गिरजाबाईंची नजर अक्षरांवर नव्हती. ती साहेबरावांवर होती. ते जयसिंगच्या मागेच उभे होते. त्यांचा चेहरा आधी पडला, मग ताठरला. ते ओळीतून बाहेर निघाले आणि कठड्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सरूबाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला सकाळी सगळ्यांसमोर बोललो. ते सगळ्यांसमोर मागे घेतो. माझी चूक झाली. कायमचा हुकूम ठरल्याप्रमाणे निघेल." मग जयसिंगकडे वळून, "तुमच्याबद्दल मी मंडळाला कळवणार. काय कळवायचं याचा आज रात्री विचार करीन. आता हात पुढे करा."

पहिला नंबर डॉक्टरांचा ठरला होता. तो असा जयसिंगचा झाला. गिरजाबाईंनी नळी फोडली, पावडरीत पाणी मिसळलं, दोन टोकांची सुई बुडवली आणि त्याच्या दंडावर भराभर टोचलं. रक्ताचा बारीक ठिपका आला.

त्याच्यामागे साहेबरावांची जागा रिकामी होती. तिथं पुढे सरकायला कुणी तयार होईना. ओळ तशीच तुटून राहिली.

"काय मुहूर्त बघताय का रं?" सरूबाईनं गाठोडं खांबाशी आपटलं आणि मधल्या जागेत येऊन उभी राहिली. जयसिंगच्या पाठीत तिनं एक धपका घातला. "मेल्या, दिसभर माजा जीव टांगनीला लावलास. आदी सांगाया तोंड नव्हतं?"

"चुकलं, मावशी."

"चुकलं म्हनं. सरक तिकडं." तिनं चोळीची बाही वर ओढली आणि डोळे गच्च मिटले. "टोचा बाई. आन् मग मला त्या मागल्या खोलीत जाऊ द्या. त्ये ल्योक सकाळधरनं पानी मागतंय."

"आज टोचलं की लगेच नाही जायचं. फोड उठू दे."

"मग उठू द्या बिगीनं!"

कुणीतरी हसलं. ओळ सांधली. धोंडीबानं आपला फोड दाखवला तेव्हा तर हसण्याचा गलकाच झाला. "युनियननं आदीच पाहनी केली हाय," तो गंभीरपणे म्हणाला, आणि त्याच्यामागची चारपाच पोरं निमूट पुढे झाली. डॉक्टर झाले, सिस्टर झाल्या, झाडूवाले झाले. गिरजाबाईंचा दंड डॉक्टरांनी टोचला.

शेवटी कठड्याशी एकटे साहेबराव उरले. ते बऱ्याच वेळानं टेबलापाशी आले. जयसिंग जरा अंतरावर दंड वाळवत उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सुई उकळलेली आहे ना?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येकाला वेगळी. उकळलेली," गिरजाबाई म्हणाल्या. "लस मात्र एकाच नळीतली आहे, साहेबराव. पहिल्या हाताला गेली तीच. दुसरी फोडलेली नाही, आणि तुमच्यासाठी फोडणार नाही."

मागच्या खोलीत हमालाला पुन्हा खोकल्याची उबळ आली. साहेबरावांनी तिकडे पाहिलं. मग टेबलावरच्या त्या करंगळीएवढ्या नळीकडे, तळाशी उरलेल्या थेंबाकडे. खोलीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

साहेबरावांनी डाव्या कफाच्या बटणाला हात घातला. बटण घट्ट होतं, ते लवकर निघेना.

गिरजाबाई सुई धरून उभ्या राहिल्या. त्यांना घाई नव्हती.